इन्सुलिनची सुई : तुमचे अनुभव सांगा

माळा आवरताना आईचा स्टीलचा डबा सापडला. आत काचेची सिरिंज. एका शेगडीवर चहाचं आधण, दुसरीवर ही उकळत असायची. बाबा पोटात रोज त्याच जागी टोचून घ्यायचे, 'इथे दुखत नाही' म्हणून. तिथे लिंबाएवढी गाठ झाली. डोस वाढवला तरी साखर उतरेना. शेवटी एका डॉक्टरांनी पोट चाचपलं, म्हणाले, औषध गाठीतच अडकतंय. जागा बदलल्यावर डोस चक्क कमी करावा लागला. कालपासून मीही इन्सुलिनच्या पेनवर (पेनासारखं दिसणारं इंजेक्शन). तुम्ही कसं जमवता?

*गवतीचहा*
गाठीत दुखत नाही, तिथेच तर फसगत होते! मी पोटाचे चार भाग केलेत, आठवड्याला एक. बेंबीपासून दोन बोटं लांब.

*लाल_टोपी*
नाव वाचून कळेलच. पेन बिघडलं म्हणून सासूबाईंनी पेनमधलं औषध साध्या सिरिंजने ओढलं, नेहमीच्या २० च्या खुणेपर्यंत. औषध १०० चं (एका मिलीत १०० युनिट), सिरिंज लाल टोपीची, ४० ची (एका मिलीत ४० युनिटवाल्या औषधासाठीच्या खुणांची). म्हणजे गेले ५० युनिट! रात्री घामाने चिंब, असंबद्ध बडबड. साखरपाणी पाजत दवाखाना गाठला. वाचल्या. आता मेडिकलवाल्याला मीच उलटतपासणी घेते.

*कोकणकडा*
आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही. चालू कुपी डब्यात घालून माठाशेजारी. नवीन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब. गोठलं की फेकायचं.

*दोडका*
माठावरून आठवलं, चांगला माठ कुठे मिळतो हल्ली? नवा आणला तो पाझरतच नाही.

*कोकणकडा*
आतून रंग दिलेला असणार. व्यनि (खाजगी निरोप) करते.

*मुगाची_खिचडी*
सुई लगेच काढू नका, दहा मोजा. माझी लेक मोजते, सातवरून थेट दहावर. शाळेची घाई असते ना.
आणि ताट वाढलं की मगच टोचा. एकदा टोचलं आणि पाहुणे आले, हात थरथरायला लागले. तीन चमचे साखर खाल्ली पाहुण्यांसमोर!

*गवतीचहा*
@मुगाची_खिचडी 😂 पाहुण्यांना दिली का?

*दोडका*
गढूळ दिसणारं इन्सुलिन तळहातांत लाटून घ्यायचं, खळखळ हलवायचं नाही. एवढंच मला येतं. बाकी बायको बघते.

*धागाकर्ती*
आज मांडीत घेतलं. दहा मोजले, चुकून अकरा. डबा परत माळ्यावर ठेवलाय. कुकर झाला, पळते.