टाकी एक, देश अनेक: ड्रमवरचं लेबल आपोआप कसं तयार करायचं?

पॅकिंग_डिस्पॅच:

नमस्कार मंडळी,

आमच्या कारखान्यात औद्योगिक सफाईची द्रावणं आणि सॉल्व्हंटवर आधारित कोटिंग बनतात. भरणी एकाच टाकीतून होते, पण त्याच बॅचचे ड्रम अमेरिकेला, ब्राझीलला, जपानला आणि युरोपातल्या सात-आठ देशांत जातात. लेबलिंग माझ्याकडे आहे.

सध्या काम असं चालतं. सुरक्षा पत्रक, म्हणजे एसडीएस, पीडीएफमध्ये येतं. त्यातल्या विभाग २ मधला, म्हणजे धोक्यांच्या ओळखीचा, मजकूर उचलून टेम्प्लेटमध्ये चिकटवायचा, दुसऱ्यानं तपासायचा, मग छापायचा. टेम्प्लेटच्या फाइली शेकड्यांनी साठल्यात आणि त्यांची नावं 'थिनर २० लिटर जर्मन नवीन फायनल २' अशी आहेत. मध्यंतरी कच्च्या मालाच्या एका पुरवठादारानं वर्गीकरण बदललं. आधी डोळ्यांची जळजळ करणारा होता, म्हणजे धोक्याच्या ठरावीक वाक्याचा कोड एच३१९. आता डोळ्यांना गंभीर इजा करणारा, एच३१८ झाला. तो आमच्या कुठल्या उत्पादनात किती टक्के आहे हे एक्सेलमध्ये लगेच सापडलं. पण त्यामुळे कुठली लेबलं बदलतात हे कळायला एकेक फाइल उघडावी लागली. तोवर मी डिस्पॅच थांबवून ठेवला.

आता कंपनीत लेबलिंगचं सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय. विक्रेते सगळेच सांगतात की ऑर्डर टाका, लेबल तयार. मला आधी हे समजून घ्यायचंय: सुरुवात डेटापासून करायची की सॉफ्टवेअरपासून? कुठला भाग यंत्रावर सोडावा आणि कुठला अजिबात सोडू नये? आणि प्रिंटरच्या बाजूनं काय बघायचं? ग्रीक लेबलवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन छापून आलेलेही मी पाहिलेत.

हे नीट व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. पलीकडे ड्रम उघडणारा माणूस एसडीएस काढून वाचत बसत नाही, तो लेबल बघून हातमोजे घालायचे की नाही ते ठरवतो.

—

विभाग_दोन:

ताई, डिस्पॅच थांबवलात ते उत्तम केलंत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: डेटा. सॅपचं ईएचएस घ्या, बारटेंडर घ्या नाहीतर लॉफ्टवेअर, त्यात आजचीच टेम्प्लेटं ओतलीत तर आजचाच गोंधळ जास्त वेगानं छापला जाईल.

मी नियमनाच्या बाजूला काम करतो आणि माझं मत ठाम आहे: भरणीच्या लाइनवर कुणालाही लेबलचा एक शब्दसुद्धा टाइप करता येता कामा नये. ऑपरेटरनं ऑर्डर स्कॅन करायची, बॅच स्कॅन करायची, संपलं. लेबलवर काय येणार हे उत्पादन, देश, पॅकचं आकारमान, वाहतुकीचा मार्ग आणि तारीख एवढ्यांवरून ठरायला हवं. हे पाच माहीत असतील तर 'फायनल २' नावाची फाइल उरायचं कारणच नाही. आकारागणिक एक कोरा साचा पुरतो.

आता यात सगळ्यात जास्त घसरण होते ती 'देश' या रकान्यात. बरेच जण देश म्हणजे भाषा असं धरून चालतात. जीएचएस ही रसायनांच्या धोक्यांचं वर्गीकरण आणि लेबलिंग करायची संयुक्त राष्ट्रांची पद्धत, २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली, पण ती कुठल्याही देशावर जशीच्या तशी बंधनकारक नाही. त्यातल्या कुठल्या धोका-श्रेणी घ्यायच्या हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो. समजा तुमच्या द्रावणाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ पेट घेऊ शकेल असं किमान तापमान, ७० अंश सेल्सिअस आहे. अमेरिकेत ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षा संस्थेच्या, नियमानं ते ज्वलनशील द्रव, श्रेणी ४: एच२२७ आणि 'वॉर्निंग' हा इशाऱ्याचा शब्द लागणार. युरोपच्या सीएलपीनं, म्हणजे तिथल्या वर्गीकरण-लेबलिंगच्या कायद्यानं, ही श्रेणी घेतलेलीच नाही, त्यामुळे तिथे त्या धोक्यासाठी काहीच छापायचं नाही. तसंच तोंडावाटे एलडी५०, म्हणजे चाचणीतले निम्मे प्राणी मरतील एवढी मात्रा, किलोला २५०० मिलिग्रॅम असेल तर जीएचएसमध्ये ती तीव्र विषारीपणाची श्रेणी ५, पण युरोप आणि अमेरिका दोघांनीही ती सोडली आहे. जिथे स्वीकारली आहे तिथे मात्र वाक्य छापावंच लागतं.

उलट भाषा एक आणि नियम तीन, असंही होतं. आयर्लंड, ग्रेट ब्रिटन आणि अमेरिका, तिन्हीकडे लेबल इंग्रजी. पण आयर्लंडला युरोपचं सीएलपी, ग्रेट ब्रिटनला त्यांचं स्वतःचं जीबी सीएलपी आणि स्वतःची बंधनकारक वर्गीकरणांची यादी, अमेरिकेला ओशा. म्हणून प्रत्येक उत्पादनाचं वर्गीकरण नियमक्षेत्रानुसार वेगळं साठवा आणि भाषा हा त्यापुढचा स्वतंत्र रकाना ठेवा. विक्रेत्याच्या डेमोत हेच पहिलं तपासा. एका उत्पादनाला चार वर्गीकरणं ठेवता येत नसतील तर चर्चा तिथेच थांबवा.

वाक्यांचं म्हणाल तर उत्पादनाच्या नोंदीत फक्त कोड असावेत. ॲसिटोनचं युरोपातलं उदाहरण घ्या: एच२२५, एच३१९, एच३३६ आणि ईयूएच०६६ (फक्त युरोपातलं जादा वाक्य), सिग्नल वर्ड म्हणजे इशाऱ्याचा शब्द 'डेंजर', ज्वाला आणि उद्गारचिन्ह ही दोन चिन्हं. नोंद एवढीच. ग्रीक किंवा फिनिश मजकूर सीएलपीच्या परिशिष्टांत सर्व अधिकृत भाषांत छापलेला आहे, तो वाक्यसंग्रहात एकदाच भरायचा. एच-वाक्याचं भाषांतर कुणाकडूनही नव्यानं करून घेऊ नका, भाषांतरकार कितीही चांगला असला तरी.

यंत्राला मनापासून देऊन टाकावं असं काम म्हणजे चिन्हांचा प्राधान्यक्रम. गंजाचं (त्वचा-डोळ्यांना गंभीर इजा करणाऱ्या मालाचं) चिन्ह लागलं की त्वचेच्या किंवा डोळ्यांच्या जळजळीसाठीचं उद्गारचिन्ह गळतं. पण तेच उद्गारचिन्ह एच३३६ साठी, म्हणजे गुंगीसाठी, लागत असेल तर ते राहतं. दमलेला माणूस संध्याकाळच्या शिफ्टला इथे चुकतो, नियम लिहून दिलेलं यंत्र चुकत नाही. तुमच्या एच३१८ च्या मालातही यंत्र कामाला येतं. मिश्रणाची स्वतःची चाचणी नसेल आणि त्या पदार्थाला वेगळी मर्यादा दिलेली नसेल, तर ३ टक्क्यांपासून पुढे मिश्रणही एच३१८ होतं आणि १ ते ३ च्या मध्ये एच३१९. तशा पदार्थांची टक्केवारी एकत्र मोजायची, हे विसरू नका. म्हणजे फॉर्म्युल्यात २.८ चं ३.१ झालं तर उद्गारचिन्हाच्या जागी गंजाचं चिन्ह आणि 'वॉर्निंग'च्या जागी 'डेंजर'. फॉर्म्युला आणि लेबल एकमेकांना जोडलेले असतील तर कुणी टक्केवारीला हात लावताक्षणी बाधित लेबलांची यादी समोर यायला हवी.

मात्र वर्गीकरणावर शेवटची सही माणसाचीच. चाचणीचा डेटा विश्वासार्ह आहे का, मिळत्याजुळत्या मिश्रणाचा निष्कर्ष इथे लावता येईल का, हा जाणकाराचा निर्णय आहे. पी-वाक्यांचंही, म्हणजे काय काळजी घ्यायची त्या सूचनांचंही, तेच. सीएलपीत साधारणपणे सहापेक्षा जास्त पी-वाक्यं नकोत, आणि नियमानं सुचणारी सहज पंधरा निघतात. यंत्रानं यादी द्यावी, निवड मात्र तो पदार्थ कसा वापरला जातो हे माहीत असलेल्या माणसानं करावी. पी२८० मध्ये हातमोजे, संरक्षक कपडे, चष्मा असे पर्याय असतात. ते सगळेच्या सगळे छापून मोकळं होणं मला पटत नाही. कुठल्या पदार्थाला काय घालायचं ते नेमकं सांगा.

आणि तारीख. प्रत्येक वर्गीकरणाला 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' हे दोन रकाने असायलाच हवेत. तुम्ही कोटिंग बनवता म्हणून टायटॅनियम डायऑक्साइडची आठवण करून देतो. त्याच्या भुकटीचं युरोपातलं वर्गीकरण १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालं आणि पांढऱ्या द्रव रंगांवर ईयूएच२११ हे वाक्य आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टानं ते वर्गीकरण रद्द ठरवलं, त्यावर अपील झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानं रद्द करणं कायम ठेवलं. नियम येतो तसा परतही जातो. जुनी नोंद पुसून नवी लिहिणाऱ्या सिस्टिमला हे झेपत नाही.

—

रिबन_रोल:

वरचं सगळं मान्य. मी छपाईचं बोलतो, कारण डेटा शंभर टक्के बरोबर असूनही लेबल बंदरावर अडकलेलं मी पाहिलंय.

धोक्याच्या चिन्हांभोवतीची लाल चौकट आधी छापून ठेवलेले रोल वापरत असाल तर ते सोडा. तीन लाल चौकोन छापलेला रोल आणि उत्पादनाला चिन्हं दोन, म्हणजे एक रिकामी लाल चौकट उरते, आणि ओशाच्या नियमात रिकामी चौकट चालत नाही. दोन रंगांचा थर्मल ट्रान्सफर (उष्णतेनं रिबनवरची शाई कागदावर उतरवणारा) किंवा रंगीत इंकजेट प्रिंटर घ्या आणि लागेल तेवढीच चौकट त्याच वेळी छापा. कोरा रोल एकच ठेवावा लागतो, गोडाऊनमध्ये पाच प्रकारचे रोल सांभाळायचा त्रासही जातो.

समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला आयएमडीजी कोडची, म्हणजे धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीच्या नियमावलीची, अट आहे: तीन महिने समुद्राच्या पाण्यात राहूनही खुणा ओळखू आल्या पाहिजेत. त्यासाठी बीएस ५६०९ हे ब्रिटिश मानक बघतात. त्यात एक भाग कोऱ्या कागदाचा आणि गोंदाचा असतो, दुसरा छापलेल्या लेबलचा. नुसता रोल प्रमाणित आहे म्हणून भागत नाही, तुमचा प्रिंटर, तुमची रिबन आणि तो रोल ही जोडी प्रमाणित हवी. खरेदी विभागानं स्वस्त रिबन आणली की ती जोडी मोडते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून रिबनचा कोडसुद्धा सिस्टिममध्ये बांधा. स्कॅन केलेली रिबन यादीत नसेल तर प्रिंट सुटूच नये.

आकाराचा हिशोबही सिस्टिमकडेच द्या. सीएलपीत ३ लिटरपर्यंत शक्य तिथे ५२ बाय ७४ मिलिमीटर, ५० पर्यंत ७४ बाय १०५, ५०० पर्यंत १०५ बाय १४८, त्यापुढे १४८ बाय २१०. चार भाषा भरल्यावर मजकूर मावत नाही असं दिसलं की काही सॉफ्टवेअर गुपचूप अक्षर बारीक करतात. ती सोय बंद करा. मावत नसेल तर छपाई थांबावी आणि लेबल मोठं घ्यायचं की घडीचं, ते माणसानं ठरवावं.

चौकोनांचं कारण बहुतेक हेच: फाँट संगणकावर आहे, प्रिंटरच्या मेमरीत नाही. ग्रीक, सिरिलिक, जपानी लिप्यांची अक्षरं असलेला एकच फाँट निवडा, तो प्रिंटरमध्ये चढवा, आणि प्रत्येक प्रिंटरवर सगळ्या भाषांचं एक चाचणी-लेबल छापून ते ती भाषा वाचता येणाऱ्याला दाखवा. एक प्रिंटर तपासला म्हणजे सगळे तपासले असं धरू नका.

वाहतुकीचं १०० बाय १०० मिलिमीटरचं चिन्ह आणि यूएन क्रमांक वेगळ्या नियमांतून येतात, त्यांचा डेटा एसडीएसच्या विभाग १४ शी, म्हणजे वाहतुकीच्या विभागाशी, जोडा. ड्रमसारख्या एकेरी पॅकिंगवर त्याच धोक्याचं वाहतुकीचं चिन्ह असेल तर सीएलपीत जीएचएसचं चिन्ह वगळायची मुभा आहे. ती कुठे वापरायची हे आधी ठरवून नियमात लिहा, लाइनवर ठरवू नका.

—

पॅकिंग_डिस्पॅच:

दोघांचेही मनापासून आभार. रिबनचा कोड बांधायची कल्पना तर उद्याच मांडते. दोन गोष्टी अजून विचारते. पुरवठादारांची पत्रकं पीडीएफमध्ये, प्रत्येकाची मांडणी निराळी. ती मशीननं वाचून घ्यायची का? आणि युरोपच्या मिश्रणांवर यूएफआय, म्हणजे मिश्रणाची ओळख पटवणारा कोड, लागतो, तोही आपोआप काढता येईल का?

—

विभाग_दोन:

पीडीएफ मशीननं वाचायला हरकत नाही, पण निघालेली माहिती कच्चा मसुदा म्हणून पडून राहिली पाहिजे. विभाग २ आणि घटकांचा विभाग ३ माणसानं मूळ पानाशी ताडून मंजूर केल्याशिवाय ती वर्गीकरणात जाता कामा नये. एकाच पदार्थाबद्दल दोन पुरवठादार वेगळं सांगत असतील तर मशीननं त्यातलं एक निवडू नये, फरक दाखवून थांबावं. आणि मोठ्या पुरवठादारांकडे पत्रक डेटाच्या रूपात, एक्सएमएलमध्ये मागून बघा. काही जण देतात, फक्त मागावं लागतं.

यूएफआय हा १६ अक्षर-अंकांचा कोड, चार-चारच्या गटात. कंपनीचा व्हॅट क्रमांक आणि फॉर्म्युल्याचा क्रमांक यांतून तो तयार होतो, त्यामुळे काढणं सोपं आहे. अवघड आहे ते बदलायचा कधी हे. घटकांचं प्रमाण परवानगीच्या पट्ट्याबाहेर गेलं की नवा यूएफआय घ्यावा लागतो, आणि विषबाधा केंद्रासाठीची माहितीही नव्यानं दाखल करावी लागते. ड्रममधला माल अंगावर सांडला आणि डॉक्टरनं तिथे फोन केला, तर त्या कोडवरूनच आत काय आहे ते कळणार. म्हणून फॉर्म्युल्याच्या आवृत्तीला यूएफआय जोडा, लेबलला नाही. आणि नवा कोड दाखल झाल्याची पोच येईपर्यंत त्या आवृत्तीची छपाई बंद ठेवा.

—

रिबन_रोल:

एक राहिलं. छापलेल्या प्रत्येक लेबलचं चित्र बॅच नंबरसकट साठवा. 'पुन्हा तयार करता येईल' यावर विसंबू नका, कारण तोवर नियम बदललेला असतो आणि तयार होतं ते आजचं लेबल. ग्राहकानं दीड वर्षानं विचारलं की आमच्या ड्रमवर नेमकं काय होतं, तर चित्र दाखवता आलं पाहिजे.

आणि नवी सिस्टिम सुरू करताना एकाच उत्पादनगटावर जुनी आणि नवी लेबलं शेजारी शेजारी काढा. शिवाय कायमचा चाचणी-संच बनवून ठेवा: गंजाचं चिन्ह आणि गुंगी एकत्र असलेलं एक, फ्लॅश पॉइंट ६० ते ९३ अंशांमधलं एक, १२५ मिलिलिटरच्या आतली छोटी बाटली, चार भाषांचा ड्रम. नियमांच्या डेटाचं प्रत्येक अपडेट आलं की आधी हा संच छापून बघायचा, आणि अपेक्षित नसलेला एकही फरक दिसला तर ते अपडेट लाइनवर सोडायचं नाही.