मधलं नाव घेतलं की मान असतो की टोमणा?

मला वाटतं हे देशागणिक बदलतं. अमेरिकेत एरवी मधलं नाव फार कोणी घेत नाही, म्हणूनच कोणी मुद्दाम घेतलं की कान टवकारतात. २००८ च्या निवडणुकीत ओबामांचे विरोधक 'हुसेन'वर असा काही जोर द्यायचे की पुढचं बोलायची गरजच नसायची, ओबामांचे प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन, त्यांच्या सभेत एका रेडिओवाल्याने तसं केलं तेव्हा खुद्द मॅकेनला माफी मागावी लागली. आणि तेच 'बराक हुसेन ओबामा' जानेवारी २००९ मध्ये शपथ घेताना ओबामांच्या तोंडून आलं तेव्हा एकदम भारदस्त वाटलं. जॉन फिट्झगेराल्ड केनेडी म्हणा, कोणाला काही टोचत नाही.

आपल्याकडे मधलं नाव म्हणजे सरळ बापाचं, शाळेच्या हजेरीपटापासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे असतंच, त्यामुळे नुसतं पूर्ण नाव घेतलं म्हणून कोणी चिडत नाही. आपला मानापमान शेपटात असतो, राव, पंत, साहेब वगैरे. 'देवेंद्र गंगाधरराव' मधला 'राव' गाळून बघा, लगेच सूर बदलतो. २०२२ मध्ये शिवसेना फुटल्यावर ठाकरे गटाला नाव मिळालं 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)', आता कागदोपत्री बाळ केशव ठाकरे असलेल्या माणसाचा मुलगा मधे 'बाळ' लावत नाही, 'बाळासाहेब'च लावतो, आणि समोरच्या गटाने तेव्हा नाव घेतलं 'बाळासाहेबांची शिवसेना'! म्हणजे भांडणच मधल्या नावावरून, वारसा कोणाचा म्हणून.

शिवी द्यायची तर आपल्याकडे नाव घेत नाहीत, बदलतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये काँग्रेसचे पवन खेरा पत्रकार परिषदेत मोदींच्या 'दामोदरदास'च्या जागी 'गौतमदास' म्हणाले, रोख अदानींवर होता, पण ऐकणाऱ्यांच्या लेखी तो थेट बाप काढण्याचा प्रकार झाला. गुन्हे दाखल, विमानातून उतरवून अटक, त्याच दिवशी सुप्रीम कोर्टातून अंतरिम जामीन. अमेरिकेत खरं नाव घेऊन डिवचतात आणि इथे खोटं घेऊन.

बायकांचं प्रकरण अजून निराळं, तिथे मधलं नाव बापाचं की नवऱ्याचं इथूनच सुरुवात. सुप्रिया सदानंद सुळे आणि पंकजा गोपीनाथ मुंडे, दोघी मोठ्या नेत्यांच्या मुली, पण एकीच्या नावात नवरा आहे आणि दुसरीच्या नावात वडील, आणि बीडच्या सभेत 'गोपीनाथ' हा शब्द नुसता उच्चारला तरी काय होतं ते तिकडच्यांना सांगायला नको.