वॉर्ड सोडून आहारतज्ज्ञ व्हावं का? कोकणातल्या सिस्टर्सनी बोला

देवगडची सिस्टर
जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन अकरा वर्षं झाली, मेडिसिन वॉर्डला आहे. मला आहारशास्त्राकडे वळायचंय, आणि आमच्यातल्या आणखी जणींनी वळावं असं माझं ठाम मत आहे. गेल्या महिन्यात एका मधुमेही आजींना डिस्चार्ज देताना छापील चार्ट दिला. ओट्स, ब्रोकोली, ब्राऊन ब्रेड. आजींनी कागद उलटासुलटा केला नि म्हणाल्या, "सिस्टर, ह्यां खंय गावता?" त्यांच्याकडे सकाळी पेज, दोन्ही वेळा भात नि कढी. मी कागदाच्या पाठीमागे लिहून दिलं: तांदळाच्या पेजेऐवजी नाचणीची आंबील, भाताची एकच मूद, सोबत कुळीथ, बांगडा तळलेला नको. रोग्याचं ताट आम्ही रोज बघतो. इन्सुलिन दिल्यावर तो जेवला की नाही, हेही आम्हालाच माहीत असतं. मग पथ्य आम्ही का सांगू नये?

चिपळूणची आहारतज्ज्ञ
ताई, तळमळ पटली, मत नाही पटलं. तुमचीच आंबील घ्या. बारीक दळलेलं पीठ पातळ शिजवून प्यायलं की साखर लवकर चढते. त्याच नाचणीची भाकरी भाजी-माशाबरोबर खाल्ली तर सावकाश. हे अनुभवाने कळत नाही, शिकावं लागतं. 2021 च्या कायद्याने आहारतज्ज्ञ हा स्वतंत्र आरोग्य व्यवसाय मानलाय. दोन-तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणाऱ्यांनी आमचं आधीच नुकसान केलंय.

कणकवलीचा मुलगा
माझे बाबा डायलिसिसवर आहेत. भेटायला येणारा प्रत्येकजण शहाळं घेऊन यायचा. त्यात पोटॅशियम असतं, किडनी गेलेल्याच्या हृदयाला धोका होतो, हे आम्हाला सिस्टरनीच सांगितलं. भाजी चिरून, उकळून, पाणी ओतून द्यायचं, सुकट बंद, हेही त्यांनीच. आहारतज्ज्ञ आम्हाला कधी भेटलाच नाही. मी सिस्टरच्या बाजूने.

चिपळूणची आहारतज्ज्ञ
शहाळं थांबवलं हे उत्तमच. पण डायलिसिस सुरू झाल्यावर बाबांची डाळ, अंडी, मासे वाढवले का? किडनी बिघडत असते तेव्हा प्रथिनं कमी करतात, डायलिसिस लागलं की वाढवावी लागतात, कारण त्यात ती निघून जातात. जुनंच पथ्य चालू ठेवून माणसं हाडकुळी झालेली मी पाहिली आहेत.

कणकवलीचा मुलगा
नाही वाढवलं. आठ महिने झाले. उद्याच विचारतो.

निवृत्त मेट्रन, रत्नागिरी
बाळ, दोघींचं ऐकलं. माझा विरोध वेगळा आहे: राजीनामा देऊ नकोस. तालुक्याच्या गावात डॉक्टरची फी लोक देतात, पथ्य सांगायचे वेगळे पैसे देत नाहीत. कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात जागा निघाली तरी बहुधा कंत्राटी. अकरा वर्षांची सिनिऑरिटी गेली की परत मिळत नाही. माझ्या हाताखालची एक गुणी मुलगी अशीच गेली नि दोन वर्षांनी ज्युनिअर म्हणून परत रुजू झाली. त्यापेक्षा डायबेटिस एज्युकेटरचं प्रशिक्षण घे, ओपीडीबाहेर टेबल मांडून बस.

देवगडची सिस्टर
मॅडम, राजीनामा देत नाही. जीएनएम ही पदवी नसल्याने थेट पदव्युत्तरला जाता येत नाही. म्हणून आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग, म्हणजे जीएनएमनंतरची पदवी, रजा मिळाली तर. मग बीएस्सी नर्सिंग चालतं अशा ठिकाणी आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा, इंटर्नशिप, आणि भारतीय आहारशास्त्र संघटनेची नोंदणी परीक्षा. चाळिशी येईल, येऊ दे. चिपळूणच्या ताई, शिकायला हवं हे मान्य. पण तुमच्याकडून मला एक हवंय: भात, कुळीथ, बांगडा, सोलकढी धरून मालवणी ताटाचा चार्ट करा, वाढायची वाटी नि पळी मोजून. मी तो माझ्या वॉर्डात लावते.

चिपळूणची आहारतज्ज्ञ
करते. पण मापं तुम्ही पाठवा, तुमच्याकडची वाटी केवढी ते मला माहीत नाही.

देवगडची सिस्टर
आजी सोमवारी फेरतपासणीला येतायत. त्यांनाच घरची वाटी आणायला सांगते. आणि आंबील बंद, भाकरी.