मदत हवी आहे: एकाच आयपीवर (नेटवर्क पत्त्यावर) दोन यंत्रं, लक्ष कसं ठेवू?

नमस्कार मंडळी. आमच्या नेटवर्कवर साधारण ४० यंत्रं आहेत. त्यातला प्रिंटर दिवसातून दोन-तीनदा गायब होतो आणि थोड्या वेळाने आपोआप परत येतो. केबल बदलली, प्रिंटरला शिव्याही घातल्या, उपयोग शून्य.

काल प्रिंटर चक्क बंद करून त्याच्या आयपीला, १९२.१६८.१.५० ला पिंग मारलं (तिथे कुणी आहे का ते विचारलं), तर उत्तर आलं! कुठल्या आयपीवर कुठलं यंत्र ते दाखवणाऱ्या 'आर्प -ए' मध्ये त्याच आयपीसमोर भलताच मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक). चूक माझीच: प्रिंटरला हाताने दिलेला आयपी डीएचसीपीच्या (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेच्या) रेंजमध्ये येतो. तो बाहेर काढतोच आहे.

मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी शोधायला गेलो, तर तो '२ए' ने सुरू होतो. म्हणजे तो कंपनीने दिलेला नाही, बहुधा कुणाच्या तरी मोबाइलने स्वतः बनवलेला रँडम मॅक.

आता प्रश्न. लिनक्सवर 'आर्पिंग -डी' (आयपी आधीच कुणी वापरतंय का ते पाहणारी आज्ञा) एका वेळी एकच पत्ता तपासतं. मला सगळ्या रेंजवर सतत लक्ष ठेवून मेल पाठवणारं काहीतरी हवंय. त्यासाठी 'आर्पवॉच' कुणी वापरलंय का? मोबाइलच्या बदलत्या मॅकमुळे खोट्या सूचनांचा पाऊस पडतो का? आणि स्विच साधा, अनमॅनेज्ड (कुठलं यंत्र कुठल्या पोर्टवर ते न दाखवणारा) असताना वायरवरचं डुप्लिकेट यंत्र तुम्ही कसं गाठता? एकेक केबल उपटूनच?