जांघेतला फुगवटा आडवे झाल्यावर नाहीसा होतो. हा हर्नियाच असेल का?

प्रश्न

माझे वय ४६ वर्षे आहे. सुमारे दीड महिन्यापूर्वी आंघोळ करताना उजव्या जांघेत, मांडी आणि ओटीपोट मिळतात त्या घडीच्या किंचित वर, सुपारीएवढा मऊ फुगवटा हाताला लागला. दुखत अजिबात नव्हते, म्हणून तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे असे ध्यानात आले की सकाळी उठताना तो नसतो, दिवसभर उभ्याने काम झाले की संध्याकाळी ठळक दिसतो आणि पाठीवर आडवे झाल्यावर काही क्षणांत आपोआप आत जातो. खोकला आला किंवा शौचाला जोर करावा लागला की तेथे आतून काहीतरी ढकलले जात असल्यासारखे वाटते आणि दिवसाच्या शेवटी जांघेत ओढ लागल्यासारखा जडपणा जाणवतो.

एका परिचितांच्या मते हे अवधाण आहे व ते आपोआप बसेल. दुसऱ्यांनी पट्टा वापरण्यास सांगितले आहे. तिसऱ्यांचे म्हणणे असे की दुखत नाही तोवर डॉक्टरांकडे जाण्याचे कारण नाही. यांपैकी कोणाचे ऐकावे, आणि हा हर्निया असल्यास त्यात नेमका धोका कशाचा असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद

मी डॉक्टर नाही, परंतु चार वर्षांपूर्वी याच वाटेने गेलो आहे, त्यामुळे अवधाणाविषयीचा घोटाळा मला परिचित आहे. पायाला जखम झाली किंवा कुरूप पिकले की जांघेत जे अवधाण येते ते दाबल्यावर दुखते, बोटाखाली टणक लागते आणि आपण उभे असा की झोपलेले, जागच्या जागी राहते. माझी गाठ मात्र अशी लपंडाव खेळत होती की डॉक्टरांकडे जाऊन टेबलावर झोपलो, तर तेथे काहीच नव्हते! त्यांनी मला उभे केले, जांघेवर बोटे ठेवली आणि खोकायला सांगितले. खोकल्याबरोबर आतून आलेला धक्का त्यांच्या बोटांना जाणवला आणि निदान तेथेच झाले. आपल्यालाही झोपवूनच तपासले गेले, तर उभ्याने तपासण्याची विनंती संकोच न करता करावी.

दुखण्याची वाट पाहण्याचा सल्ला मलाही मिळाला होता आणि तो मी अकरा महिने पाळला. तेवढ्या काळात सुपारीचे लिंबू झाले.

दुसरा प्रतिसाद

मी शल्यचिकित्सक आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान सांगणे योग्य नव्हे, तरीही आपण केलेले वर्णन जांघेच्या हर्नियाशी, म्हणजे जुन्या शब्दात अंतर्गळाशी, अगदी जुळते.

पोटाची भिंत स्नायूंची आणि त्यांवरील चिवट पापुद्र्यांची बनलेली असते. पुरुषांमध्ये वृषण जन्माआधी पोटात तयार होतात आणि जांघेतील एका तिरप्या बोगद्यातून खाली उतरतात. ज्या वाटेने ते उतरले आणि ज्या वाटेने पुढे आयुष्यभर शुक्रवाहिनी व रक्तवाहिन्या जातात, ती वाट म्हणजे या भिंतीतली जन्मजात कच्ची जागा होय. म्हणूनच आयुष्यात केव्हातरी जांघेचा हर्निया होण्याचा संभव पुरुषांत सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ३ टक्के मानला जातो. खोकणे, कुंथणे, वजन उचलणे यांनी पोटातील दाब वाढला की पोटाचे आतले अस्तर या जागेतून पिशवीसारखे बाहेर येते आणि त्या पिशवीत चरबीचा पडदा किंवा आतड्याचे वेटोळे उतरते. फुगवटा हळूच आत सारताना गुडगुड असा आवाज आला, तर तो आतड्यातील वायूचा असतो. रुग्ण अनेकदा एखाद्या विशिष्ट दिवशी उचललेल्या विशिष्ट वजनाला दोष देतात. माझ्या मते वाट बहुतेक वेळा आधीच तयार असते, त्या दिवशी ती फक्त दिसते.

हर्निया बेंबीपाशी किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातूनही येऊ शकतो. हायटस हर्नियात जठराचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकतो. तेथे बाहेरून काहीच दिसत नाही, छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणे हीच लक्षणे असतात.

आता धोक्याविषयी. आत जाणारा हर्निया ही घाईची बाब नाही. भीती असते ती बाहेर आलेले आतडे अरुंद तोंडात अडकण्याची, कारण अडकलेल्या आतड्याला सूज येते, सुजेमुळे त्याच्या शिरा दाबल्या जातात आणि अखेर रक्तपुरवठा बंद पडून ते काही तासांतच मृत होऊ लागते. रोज आत जाणारा फुगवटा आडवे होऊनही आत जाईना, टणक झाला, दुखू लागला किंवा त्यावरची त्वचा लालसर अथवा काळपट दिसू लागली, त्याबरोबर उलट्या सुरू झाल्या, पोट फुगले, वायू सरेनासा झाला, तर त्या क्षणी रुग्णालय गाठावे. तो घरी जोराने दाबून आत घालू नये आणि काही खाऊपिऊ नये, कारण तातडीने भूल द्यावी लागण्याची शक्यता असते.

दुखत नसताना शस्त्रक्रिया करावी का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत ७२० पुरुषांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात फारसा त्रास नसलेल्यांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया केली आणि बाकीच्यांना देखरेखीखाली ठेवले. देखरेखीखालील गटात हर्निया अकस्मात अडकण्याचे प्रमाण अत्यंत कमी, वर्षाला हजारी दोनहूनही कमी, आढळले. परंतु त्याच गटातील सुमारे ६८ टक्के पुरुषांनी दहा वर्षांच्या आत अखेर शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यामागचे मुख्य कारण वाढत गेलेले दुखणे हे होते. म्हणजे थांबणे बहुधा सुरक्षित आहे, मात्र ते डॉक्टरांनी तपासून ठरवलेले असावे. औषधाने हे छिद्र भरत नाही, पट्ट्यानेही नाही.

तिसरा प्रतिसाद

वरील माहितीत एक भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण "थांबणे बहुधा सुरक्षित आहे" हे वाक्य वाचून एखादी स्त्री निर्धास्त होण्याची भीती आहे. माझ्या आईला ७१ व्या वर्षी दोन दिवस उलट्या होत होत्या आणि पोटात कळा येत होत्या. ज्या डॉक्टरांना दाखवले त्यांनी पित्ताचे औषध दिले; जांघ कोणी पाहिली नाही, आणि संकोचामुळे आईनेही तेथे काही असल्याचे सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात चादर बाजूला सारून तपासले, तेव्हा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला, जांघेच्या घडीच्या खाली, द्राक्षाएवढी टणक गाठ सापडली. तिला फीमोरल हर्निया झाला होता आणि आतड्याचा काही भाग कापून काढावा लागला. आई सावरली, परंतु ती गाठ अनेक महिन्यांपासून आपल्याला माहीत होती, हे तिने घरी परतल्यावर सांगितले.

दुसरा प्रतिसाद देणाऱ्यांकडून

आपण हे लिहिले ते फार बरे झाले. फीमोरल हर्निया पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि त्याच्या तोंडाच्या कडा ताठर असल्यामुळे तो अडकण्याचा संभव पुष्कळ जास्त असतो. म्हणून वरील अभ्यासाचा निष्कर्ष त्याला लावता येत नाही व तो सापडताच लवकर शस्त्रक्रिया केली जाते. तान्ह्या मुलांच्या जांघेतील हर्नियालाही तोच नियम आहे. बाळाच्या बेंबीचा हर्निया मात्र बहुतेक वेळा चार-पाच वर्षांचे होईपर्यंत आपोआप मिटतो.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा आभारी आहे. काल तपासून आलो. उजव्या बाजूचा हर्नियाच आहे आणि सोनोग्राफीची गरजही भासली नाही. मी धूम्रपान करतो आणि मला जुना खोकला आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेआधी त्याचा बंदोबस्त करण्यास सांगितले असून तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली आहे. तोवर उभे राहण्याचे काम टळणार नाही. अशा स्थितीत पट्टा वापरला तर चालेल का?

दुसरा प्रतिसाद देणाऱ्यांकडून

खोकल्याविषयीचा सल्ला योग्य आहे. शस्त्रक्रियेत कच्च्या जागेवर बहुधा जाळी बसवतात, आणि पहिले काही आठवडे तिच्यावर खोकल्याचे धक्के बसणे चांगले नाही. धूम्रपानामुळे जखमही उशिरा भरते, म्हणून ते आजच थांबवावे. पट्ट्याने जडपणा थोडा कमी वाटू शकतो, त्यामुळे आपल्या डॉक्टरांना विचारून काही आठवड्यांपुरता वापरण्यास हरकत नसावी. मात्र तो सकाळी अंथरुणातच, आडवे असताना आणि फुगवटा पूर्ण आत गेल्याची बोटांनी खात्री करून बांधावा. आतडे बाहेर असताना वरून आवळलेला पट्टा त्याला आत ठेवत नाही, जागीच चिरडतो.