दोनदा मेक्सिकन जेवलो, दोन्ही वेळा मन खट्टू झालं. खरं जेवण असंच असतं का?

दर्यापूरची शेतकरीण

नमस्कार. आमचं खेडं दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. सात एकर शेती, कापूस-तूर-हरभरा. घर माळकरी, त्यामुळं अंडंसुद्धा येत नाही. मेक्सिकन जेवणाचं वेड मला कुठून लागलं तेच आधी सांगते.

मागच्या हिवाळ्यात मोबाईलवर मेक्सिकोतल्या एका आजीबाईचा व्हिडिओ पाहिला. तिनं रात्री भिजवलेला मका सकाळी पाट्यासारख्या दगडावर वाटला, गोळा हातावर थापला आणि चुलीवरच्या मातीच्या तव्यावर टाकला. भाकर टम्म फुगली. बाजूला दगडी खलात भाजलेली मिरची न् टमाटर कुटलं. आवाज बंद करून पाहिलं असतं तर माझी आजी ठेचा करते असंच वाटलं असतं. तो व्हिडिओ मी दहा वेळा तरी पाहिला असेल.

पोरगी अमरावतीला औषधाच्या दुकानात लागली. पहिला पगार झाल्याबरोबर म्हणे, आई, तुला ते मेक्सिकन खाऊ घालते. आम्ही तिघं एका हॉटेलात गेलो. नाचोजवर पिवळा सॉस होता, तो पाच मिनिटांत थिजून त्यावर साय धरली. साल्सा म्हणजे केचपमध्ये कच्चा कांदा, गोडमिट्टं. टाको वातड, आत पत्ताकोबी, मेयोनीज आणि मीठ नसलेला राजमा. मक्याचा वास कुठंच नाही. बुरिटो उघडला तर आत लाल भात. आमचे मालक हळूच म्हणाले, "हा तं फोडणीचा भात पोईत गुंडाळून देल्ला." बिल 1,130 रुपये, त्यात सर्व्हिस चार्ज वेगळा.

पोरगी सारखी आमच्या तोंडाकडं पाहत होती. मी म्हटलं, छान आहे. ते खोटं अजून मनात सलते.

दुसऱ्यांदा सासूबाईंच्या डोळ्यांसाठी नागपूरला गेलो होतो तेव्हा, दुसऱ्या एका हॉटेलात. केसाडियात, म्हणजे दुमडून भाजलेल्या पोळीत, पिझ्झ्याचं चीज आणि मक्याचे गोड दाणे. वरून थोडा सांबार टाकून द्या म्हटलं, तर तो पोरगा म्हणाला, साउथ इंडियन मिळत नाही. बाहेरगावचा असेल, त्याचा दोष नाही. आपल्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे त्याला कोण सांगणार? पण मेक्सिकन जेवण देणाऱ्या स्वयंपाकघरात कोथिंबिरीची काडी नसावी याचं मला खरंच वाईट वाटलं.

तिकडं राहून आलेलं कोणी असेल तर सांगा, तिथं जेवण कसं असते? आणि ती मक्याची भाकर मला घरी जमेल का? मी साध्या मक्याच्या पिठाची केली होती, ती थापतानाच फाटली.

भट्टीवाला

ताई, मी अकोल्याचा. नागपुरात अशाच दोन किचनमध्ये चार वर्षं काढली. तुम्ही लिहिलं ते सगळं बरोबर आहे. कारण सांगतो.

मालकाला मेनूत पिझ्झा, पास्ता, चायनीज, मेक्सिकन सगळं पाहिजे असते आणि हाताखाली माणसं दोनच. मग एकच लाल ग्रेव्ही पास्त्यालाही आणि राजम्यालाही. बुरिटोतला भात चायनीजच्या टोपातला. टाकोचे कडक शेल तयार पाकिटातून येतात. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की दोन दिवसांत वातड होतात, तव्यावर गरम करायलाही कोणाला वेळ नसतो. पिवळा सॉस बहुतेक पावडरीचा, पाणी घालून गरम केलेला. चीजच्या पाकिटावर 'ॲनालॉग' लिहिलेलं असलं तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल आहे असं समजा.

राजमा तरी आम्ही नीट शिजवायला हवा होता. त्याला खर्च काहीच नाही. तुमच्या पोरीचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

केरेतारो ते यवतमाळ

काकू, मी यवतमाळ जिल्ह्यातला. कंपनीच्या कामासाठी अडीच वर्षं मेक्सिकोत केरेतारोला होतो. तुम्ही व्हिडिओत पाहिलं तेच खरं. हॉटेलात तुम्हाला मिळाली ती अमेरिकेतल्या टेक्सासकडच्या पद्धतीची नक्कल. कडक शेल, पिवळं चीज, ही सगळी सरहद्दीपलीकडची चाल. मेक्सिकोत रस्त्यावरचा टाको मऊ असतो. तळहाताएवढ्या दोन मक्याच्या भाकरी एकावर एक, वर भाजी नाहीतर मटण, बारीक कांदा, सांबार आणि लिंबू. साल्सा वेगळा, आणि तो तिखटच. मैद्याची पोळी तिकडंही आहे, पण ती उत्तरेकडच्या सोनोरासारख्या भागातली, तिथं गहू पिकतो.

मका मुळात त्यांचाच. दक्षिण मेक्सिकोत सुमारे 9,000 वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून तो माणसानं घडवला. मिरची आणि टमाटरही त्याच मुलखातून जगभर गेले. आपल्या भिवापुरी मिरचीचं मूळ घराणंही तिकडचंच. म्हणून तुम्हाला आजीचा ठेचा आठवला यात नवल नाही.

आता भाकर. साधं पीठ फाटणारच. तिकडं मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याला निश्तमाल म्हणतात. चुन्यानं वरचं टरफल सुटते आणि पिठाला चिकटपणा येतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व तसंच खाल्लं तर अंगी लागत नाही, चुन्यानं ते मोकळं होते. मका युरोपात गेला पण चुन्याची रीत मागंच राहिली, म्हणून इटली-स्पेनमधल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी फुटायची, माणसं भ्रमिष्ट व्हायची.

माझ्या घरमालकिणीचं माप: 1 किलो वाळलेला मका, 3 लिटर पाणी, 10 ग्रॅम कोरडा खायचा चुना. विड्याचा ओला चुना असेल तर साधारण दुप्पट घ्या. भिंतीचा चुना अजिबात नको. ॲल्युमिनियमचं भांडंही नको, स्टीलचं घ्या. अर्धा-पाऊण तास उकळा, रात्रभर तसाच झाकून ठेवा. सकाळी चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा आणि ओलाच वाटा. स्वीट कॉर्न चालत नाही.

तुम्ही माळकरी म्हणून एक आवर्जून सांगतो. तिकडं राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी घालतात, कधी गेलात तर विचारल्याशिवाय खाऊ नका. पण कोहळ्याच्या (लाल भोपळ्याच्या) फुलांचा केसाडिया करतात, आणि नागफणीची कोवळी पानं काटे काढून भाजून खातात. आपल्याकडं दोन्ही धुऱ्यावर उभं आहे.

धारणीकर

मेळघाटात आमच्याकडं मक्याची रोटी रोजचीच, पण चुना घालत नाही. गरम पाण्यात पीठ मळतो न् जाड थापतो. ताई, पांढरा मका पाहिजे असेल तर धारणीच्या आठवडी बाजारात पाहा. कोंबड्यांच्या खाद्याचा घेऊ नका, त्याला कीडनाशक लावलेलं असू शकते.

ग्राहक

सर्व्हिस चार्जबद्दल. 4 जुलै 2022 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हॉटेलला तो आपोआप बिलात लावता येत नाही. काढून द्या म्हणायचं. ऐकलं नाही तर 1915 वर तक्रार करा.

दर्यापूरची शेतकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. भट्टीवाले दादा, तुम्ही कबूल केलं, बरं वाटलं.

परतवाड्याहून दोन किलो पांढरा मका आणला. काल रात्री एक किलो विड्याच्या चुन्यात शिजवला. सकाळी पाणी हळदीसारखं पिवळं झालं होतं आणि बोटानं चोळलं की टरफल निघत होतं. धुतल्यावर जो वास आला तो मी सांगू शकत नाही, ओल्या मातीसारखा पण गोड. पाट्यावर वाटायला दीड तास लागला. सासूबाई म्हणाल्या, मिक्सर कशाले ठेवला घरात? पण मिक्सरमध्ये पाणी जास्त लागते आणि पीठ सैल होते, अर्धा किलो तसं करून पाहिलंच.

पहिल्या चार भाकरी मोडल्या. मग दुधाची पिशवी कापून दोन तुकड्यांमध्ये गोळा ठेवला आणि ताटलीनं दाबला. पाचवी अख्खी निघाली, सातवी फुगली. बरबटी (चवळी) शिजवून घोटली, भाजलेल्या मिरचीचा न् टमाटरचा ठेचा, वर कांदा, लिंबू आणि भरपूर सांबार. मालकांनी सहा खाल्ल्या.

पोरगी रविवारी येते. तिच्यासाठी उरलेला मका ठेवला आहे. केरेतारोवाले दादा, एक सांगा, शनिवारी वाटून ठेवलेलं पीठ फ्रीजमध्ये एक रात्र टिकते का, की सकाळीच वाटू?

केरेतारो ते यवतमाळ

एक रात्र टिकते, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. पण काकू, रविवारी पोरीसमोरच वाटा.