पडल्यानंतर हात वर जात नाही : खांदा आखडला आहे की स्नायुबंध फाटला आहे?

प्रश्न (कोथरूड)
माझी आई ६३ वर्षांची आहे. दीड महिन्यापूर्वी पर्वतीच्या पायऱ्या उतरताना तिचा पाय घसरला आणि ती उजव्या हातावर पडली. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही, म्हणून ‘खांदा आखडला आहे’ असे सांगून गोळ्या दिल्या गेल्या. रात्री तिला त्या कुशीवर झोपता येत नाही आणि वेणी घालताना हात डोक्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र मी हात धरून वर नेला, तर तो जवळजवळ पूर्ण जातो. एमआरआय करावा का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, सदाशिव पेठ)
तुमचे शेवटचे निरीक्षण फार मोलाचे आहे. आखडलेला खांदा दुसऱ्याने उचलला तरी अडतो. इथे सांधा मोकळा आहे, पण उचलणारी ताकद गेलेली दिसते. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंना मिळून रोटेटर कफ म्हणतात, आणि त्यांतील वरच्या सुप्रास्पायनेटसचा स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, सर्वांत जास्त वेळा फाटतो. एक्स-रेमध्ये तो दिसतच नाही. अनुभवी हातांनी केलेल्या सोनोग्राफीत पूर्ण फाटलेला स्नायुबंध बहुधा कळतो. तो किती मागे सरकला आहे आणि स्नायूत चरबी भरू लागली आहे का, हे एमआरआयमध्ये अधिक नीट समजते, आणि टाके घालता येतील की नाही हे बरेचसे त्यावरच ठरते. पडल्यामुळे ताकद गेली असेल, तर दिवस वाया घालवू नका. खांद्याच्या तज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा.

उत्तर २ (औंध)
माझ्या वडिलांच्या अहवालातही ‘फाटलेला’ असेच आले होते, परंतु ते पडले नव्हते आणि साठीनंतर असे फाटणे कित्येकांत दुखण्याविनाही आढळते. त्यांचे तीन महिन्यांच्या व्यायामाने भागले. म्हणून नुसत्या अहवालावर शस्त्रक्रियेला होकार देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३ (सिंहगड रस्ता)
माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. सहा आठवडे हात स्लिंगमध्ये होता. उशांना टेकून अर्धवट बसूनच झोपावे लागे आणि पुढून बटणे असलेले गाऊनच घालता येत. पोळ्या लाटायला चौथा महिना उजाडला, आणि पाण्याची कळशी उचलायची परवानगी त्याहूनही उशिरा मिळाली. घरात मदतीला कोण असेल, हे आधीच ठरवून ठेवा.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. सोनोग्राफीसाठी उद्याची वेळ मिळाली आहे. आईला मधुमेह आहे, हे लिहायचे राहून गेले होते.

उत्तर १
मग साखरेचे अहवालही सोबत न्या. मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते आणि साखर वाढलेली राहिली, तर शिवलेला स्नायुबंध नीट जुळून येत नाही.